देवगिरीचे ५०४० आणि सिंथेसायझरचा फासा

या भागाचं चित्रण मी बंगळुरूत, चामराजपेटेतल्या माझ्या घरीच केलं. व्हिडिओत मध्ये मध्ये आवाजाचे तुकडे वाजवून दाखवले होते. पुस्तकात ते ऐकू येणार नाहीत, म्हणून त्या जागी थोडं जास्तीचं लिहिलंय. बाकी बोलणं जसंच्या तसं आहे. फाटे फुटतील तेही तसेच ठेवलेत.

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल. सिंथेसायझर किंवा ड्रम मशीन हे खरंखुरं, हातात धरता येणारं यंत्र, आणि त्याच्या आवाजाचे आकडे संगणकाकडून रँडम पद्धतीनं बदलून घ्यायचे. म्हणजे फासे टाकायचे आणि जे दान पडेल तो आवाज ऐकायचा. हल्ली अशा प्रोग्रामांत 'रँडमाइझ' नावाचं बटण असतं. ते दाबलं की क्षणात कधीही न ऐकलेला आवाज समोर येतो. बहुतेक वेळा तो भयानक असतो. एखाद्या वेळी मात्र तो असा लागतो की आपण बटणावरचं बोट उचलून नुसतं ऐकत बसतो. मला इतिहास सांगायचाय तो या 'एखाद्या वेळी'चा. फासा कोणी टाकला याच्याइतकंच, पडलेलं दान नाकारायचा अधिकार कोणाकडे होता हेही मला पाहायचंय.

सुरुवात पेठेपासूनच करते. चामराजपेट ही १८९२ साली आखून वसवलेली पेठ. नाव म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांचं. संगीतवाल्यांना ती ठाऊक असते ती श्री रामसेवा मंडळीच्या रामनवमी उत्सवामुळे. १९३९ साली सुरू झालेला हा उत्सव फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव घालून होतो आणि आठवडेच्या आठवडे चालतो. उन्हाळ्यातली संध्याकाळ, गायक मध्ये बसलेला, आणि त्याच्या मांडीशी एक छोटी पेटी: इलेक्ट्रॉनिक तंबोरा. ही पेटी या शहराला परकी नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये काम केलेले अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ साली बंगळुरूतच रॅडेल ही कंपनी काढली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि इलेक्ट्रॉनिक तबला घराघरांत पोहोचवण्यात या कंपनीचा वाटा फार मोठा आहे. आज रियाजाच्या खोलीत पेटी नाही असा विद्यार्थी मिळणं कठीण.

या पेटीबद्दल एक तक्रार मात्र जुनी आहे. ती चुकत नाही. मिरजेच्या कारागिरानं केलेला तंबोरा घ्या. तारेखाली जवारीचा दोरा केसभर सरकला की नाद बदलतो. बोट तारेवरून प्रत्येक फेरीत जरा वेगळं निघतं. हवेतल्या दमटपणानं तार उतरते. चार तारांचा तोच तो क्रम, पण दोन आवर्तनं तंतोतंत सारखी कधीच नसतात. पेटीतलं आवर्तन मात्र कालचं आज आणि आजचं उद्या, तेच. मग यंत्राला थोडं 'चुकायला' शिकवायचं का, आणि शिकवायचं तर किती? रँडमाइझ बटणाचा प्रश्नही हाच आहे, फक्त तिथे तो फार मोठ्यानं विचारलेला असतो. त्याचा सगळ्यात जुना धागा मला सापडतो तो महाराष्ट्रात, देवगिरीला.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचा 'संगीतरत्नाकर' हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा आपला मानतात. त्यात स्वरांच्या प्रस्ताराचं प्रकरण आहे. सात स्वर, प्रत्येक एकदाच घ्यायचा, तर किती क्रम होतात? ५०४०. गणित सोपं आहे: सात गुणिले सहा गुणिले पाच असं एकपर्यंत. पण शार्ङ्गदेव मोजून थांबत नाही. तो हे सगळे क्रम एका ठरलेल्या ओळीत कसे लिहायचे ते सांगतो. तीन स्वरांवर करून बघा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा. मग तो दोन प्रश्न घालतो. 'नष्ट' म्हणजे क्रमांक दिला तर तान सांगा: चौथी कोणती? गसारे. 'उद्दिष्ट' म्हणजे तान दिली तर क्रमांक सांगा: रेगसा कितवी? पाचवी. यासाठी त्यानं खंडमेरू नावाची आकड्यांची पायऱ्यापायऱ्यांची मांडणी दिली आहे. तिच्यामुळे ५०४० ताना लिहून न काढता हवी ती एक थेट काढता येते.

संगणकवाल्याला हे ऐकून हसू फुटेल, कारण आपण रोज हेच करतो. सगळ्या शक्यतांना क्रमांक द्यायचे, एक क्रमांक उचलायचा, आणि त्यावरून वस्तू परत उभी करायची. शार्ङ्गदेवानं फासा टाकायला सांगितलेलं नाही, ते त्याच्या माथी मारायला नको. पण फासा टाकण्यापूर्वी जी यादी लागते ती त्यानं करून ठेवली. आणि एक गोष्ट विसरू नका: त्या ५०४० पैकी बहुतेक ताना कुठल्याही एका रागात चालायच्या नाहीत. यादी गणिताची होती. गाळणी रागाची, आणि ती गायकाच्या गळ्यात होती.

युरोपात फासा अठराव्या शतकात शब्दशः टेबलावर आला. दोन फासे टाकायचे, बेरीज दोन ते बारा, म्हणजे अकरा पर्याय. प्रत्येक मात्रागटासाठी अकरा तयार तुकडे लिहिलेले असायचे, त्यातला एक घ्यायचा. असे सोळा जोडले की नाचाची धून तयार. यातला सर्वांत गाजलेला खेळ मोझार्टच्या नावावर खपला, पण तो त्याचाच याला पुरावा नाही. त्यात गंमत अशी की वाईट दान पडूच शकत नाही, कारण प्रत्येक तुकडा आधीच पारखून ठेवलाय. कुंपण इतकं घट्ट की फासा कुठेही गेला तरी अंगणातच.

१९५७ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लेनर्ड आयझॅकसन यांनी इलियाक संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करून घेतली. तिथे उलटी रीत होती. यंत्र रँडम आकडे काढी, प्रत्येक आकडा म्हणजे एक स्वर. तो स्वर काउंटरपॉइंटच्या नियमांत बसला तर ठेवायचा, नाही तर टाकून दुसरा. नकार देण्याचं काम इथे यंत्राकडे गेलं. नियम माणसाचे, पण कान बाजूला.

त्याच्या काही वर्षं आधी जॉन केज यांनी वेगळी वाट धरली होती. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी केजना भारतीय संगीत शिकवलं आणि बदल्यात पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. संगीत कशासाठी, या केजच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या गुरूंचं उत्तर सांगितलं: मन शांत करावं, म्हणजे ते वरच्या शक्तीला ग्रहण करण्याजोगं होतं. केज हे आयुष्यभर सांगत राहिले. १९५१ साली त्यांनी चिनी 'ई चिंग' ग्रंथाच्या पद्धतीनं नाणी उडवून पियानोची अख्खी रचना ठरवली. आपली आवडनिवड मध्ये येऊ नये हाच हेतू. त्यामुळे पडलेलं दान नाकारायचं नाही. केजबद्दल मला आदर आहे, पण इथे त्यांचं-माझं जमत नाही. नकार काढून टाकला की मला ऐकायला काम उरत नाही. आणि ज्या परंपरेतून ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलं, तिथला गुरू तर दिवसाला शंभरदा 'नाही, पुन्हा' म्हणतो.

आता यंत्रांकडे. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. केजचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. त्या फिती पुढे कित्येक दशकं कपाटात होत्या. या प्रकारच्या यंत्रांत रँडम म्हणजे विजेचा दाब. खरखराट, म्हणजे सर्व कंपनं मिसळलेला आवाज, घ्यायचा आणि ठरावीक वेळाने त्याचा एक नमुना पकडून धरायचा. दर ठोक्याला वेगळा दाब, म्हणून दर ठोक्याला वेगळा स्वर. कॅलिफोर्नियाचे डॉन बुकला यांनी तर अशा भागाला नावच 'सोर्स ऑफ अनसर्टन्टी' दिलं, म्हणजे अनिश्चिततेचा झरा. यात प्रोग्राम नाही, साठवण नाही. छान काही घडलं आणि टेप चालू नव्हता, तर ते गेलं.

हे बदललं १९८३ साली. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनं जोडून दाखवले गेले आणि मिडी नावाची समाईक भाषा रूढ झाली. पाच टोकांची गोल पिन, सेकंदाला ३१,२५० बिट. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स७ आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेल्या एफएम पद्धतीवर चालणारा. यात एक कंपन दुसऱ्या कंपनाला हलवतं आणि त्यातून घंटा, तार, पितळ असे आवाज निघतात. सहा कंपनं आणि ती एकमेकांना जोडायचे ३२ आराखडे.

इथे थोडं रेंगाळते, कारण रँडमाइझ बटणाची खरी गरज इथे जन्मली. डीएक्स७च्या एका आवाजाची माहिती १५५ बाइट. त्यातली शेवटची दहा आवाजाच्या नावाची अक्षरं. उरले १४५ आकडे. कित्येक ० ते ९९ मधले, काही ० ते ७, काही नुसते हो-नाही. शार्ङ्गदेवाच्या पद्धतीनं सगळ्या शक्यता मोजल्या तर एकावर दोनशेहून जास्त शून्यं येतात. आणि हे १४५ आकडे बदलायला यंत्रावर एकच सरकपट्टी, दोन ओळींचा छोटा पडदा आणि चपट्या बटणांची रांग. शिवाय एफएममध्ये आकडा आणि कानाला येणारा परिणाम यांचं नातं सरळ नसतं. एक आकडा दोननं वाढवला तर काहीच होत नाही, अजून दोननं वाढवला की बासरीचा पत्रा होतो. साहजिकच बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवले. त्या दशकातली गाणी ऐका, जगभर तोच इलेक्ट्रिक पियानो आणि त्याच घंटा. आपल्याकडच्या स्टुडिओंतही.

पण मिडीत एक दार होतं: सिस्टिम एक्सक्लुझिव्ह. २४० हा आकडा आला की निरोप सुरू, २४७ आला की संपला. मधला पहिला आकडा कंपनीचा, रोलंड ६५, कॉर्ग ६६, यामाहा ६७. पुढे त्या यंत्राची खासगी भाषा. या वाटेनं संगणक डीएक्स७ला आख्खा आवाज पाठवू शकतो. १५५ बाइट आणि मागेपुढे आठ, असे १६३. सेकंदाच्या विसाव्या भागाहून किंचितच जास्त वेळ लागतो. अटारी, मॅकिंटॉश, कमोडोर अशा घरगुती संगणकांवर आवाज जपायचे आणि दुरुस्त करायचे प्रोग्राम लगोलग आले. एकदा आवाज म्हणजे १४५ आकड्यांची यादी झाली, की त्या यादीत फासे टाकण्याचं बटण यायला कितीसा वेळ? ओपकोड कंपनीसाठी डीएक्स७चा असा प्रोग्राम लिहिणारे डेव्हिड झिकारेली पुढे जोएल चॅडाबे यांच्या इंटेलिजंट म्युझिकमध्ये 'एम' घेऊन आले. त्यात स्वर, लय, जोर यांवर हद्द आखून यदृच्छा सोडता येई. हद्द आखून, हे महत्त्वाचं.

ड्रम मशीनची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि तिचा रस्ता मुंबईवरून जातो. १९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ मध्ये मिडी नाही. ढोलाचा सूर, झांजेची लांबी या गोष्टी खऱ्या खुंट्यांवर असतात. संगणक तिथे हात घालू शकत नाही, खुंटी माणसानंच पिळायची. त्याच कंपनीचा टीबी-३०३ हा बेसचा डबा. त्यात स्वर भरणं इतकं किचकट की घेणारे वैतागत. या डब्याबद्दल वाजवणारे एक गोष्ट हमखास सांगतात: बॅटरी उतरली किंवा काढून ठेवली की त्याच्या स्मृतीतलं विस्कटतं, आणि पुन्हा चालू केल्यावर कोणीच न भरलेली धून वाजू लागते. सॉफ्टवेअरशिवायचं रँडमाइझ बटण! शिकागोत १९८७ साली फ्यूचर या मंडळींनी याच डब्याच्या खुंट्या पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं आणि एक अख्खा प्रकार जन्मला.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच ८०८ आणि ३०३ ही जोडी, सोबत ज्युपिटर-८, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. भैरव, ललित, तोडी, मधुवंती, मालकंस असे. रेकॉर्ड ग्रामोफोन कंपनीनं काढली, फारशी कोणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले. हा माणूस शिकागोच्या आधी तिथे पोहोचला होता. मला या रेकॉर्डमध्ये 'पहिला कोण' यापेक्षा दुसरंच भावतं. खुंट्या शिकागोसारख्याच मोकाट फिरतायत, आवाज पातळ-जाड होतोय, पण स्वर रागाबाहेर एक पाऊल टाकत नाहीत. नाद मोकळा, स्वर बांधलेला. कुठली गोष्ट सोडायची आणि कुठली धरायची हे त्यांनी न बोलता ठरवून टाकलंय.

हाच प्रश्न सर्वांत काळजीपूर्वक विचारला गेला तो लखनौमध्ये. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संगीताभ्यासक जेम्स किपेन लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. संगणक अभियंता बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. दोघांनी 'बोल प्रोसेसर' लिहिला, तोही ॲपलच्या उचलून नेता येईल अशा छोट्या संगणकावर. कल्पना अशी: तबल्यातला कायदा घ्या. मूळ बोल ठरलेले आणि त्यांचे पलटे वाजवणारा जागच्या जागी रचतो. कुठला पलटा योग्य, कुठला अयोग्य हे जाणकाराला कळतं, पण नियम विचारले तर सांगता येत नाहीत. मग नियमांचा अंदाज बांधून यंत्राला द्यायचा, यंत्रानं यदृच्छेनं पलटे काढायचे, आणि ते उस्तादांना ऐकवायचे. उस्ताद म्हणतील हा चालेल, हा नाही. 'नाही' आलं की व्याकरणात दुरुस्ती. पुन्हा नवे पलटे. प्रत्येक नियमाला वजन दिलेलं, म्हणजे कुठली वाट किती वेळा घ्यायची तेही ठरवता येई.

पुढे त्यांनी उदाहरणांवरून नियम शिकणारा भाग जोडला आणि त्याला नाव दिलं 'क़वाइद'. आपल्या मराठीतली कवायत तीच, आणि तबल्यातला कायदा हे तिचंच एकवचन. पोलीस मैदानावर जे चालतं आणि आफाक हुसेन खाँच्या बोटांत जे होतं, त्याचा शब्द एक. मला हे फार आवडतं.

हिलरच्या प्रयोगात नियम पुस्तकातले होते आणि यंत्र स्वतःच पास-नापास करी. लखनौत फासा यंत्राचा, नकार उस्तादांचा. आणि त्या नकाराचं मोल ओळखलेलं: प्रत्येक 'नाही' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न बोललेला एक नियम उघड होण्याची संधी. फासा इथे नवनिर्मितीसाठी नव्हताच. तो प्रश्न विचारण्यासाठी होता. शिष्य जो पलटा धाष्ट्यानं कधी वाजवणार नाही, तो यंत्र बेधडक वाजवतं आणि गुरूला बोलतं करतं.

बोल प्रोसेसर पुढे मॅकिंटॉशवर गेला, मिडीतून सिंथेसायझर चालवू लागला, आणि आज तो मुक्त आहे. बेल यांचं आपल्याशी आणखी एक नातं आहे. पुण्यात गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. त्या ध्वनिमुद्रित करण्यात आणि नीट संग्रहात लावण्यात बेल सामील झाले. तबल्याचे पलटे उस्तादांकडे घेऊन जाणारा माणूस दळणाऱ्या बायांच्या ओव्या क्रमांकासह जपतो, यात मला विसंगती दिसत नाही.

रागाच्या बाजूनं असाच प्रयत्न केला तो हरी सहस्रबुद्धे यांनी. आयआयटी कानपूरमध्ये शिकवलेले संगणकशास्त्राचे प्राध्यापक, गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचे पती. म्हणजे घरात एका खोलीत संगणकाचं शास्त्र आणि दुसऱ्या खोलीत ग्वाल्हेरची गायकी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रागाकडे एक अवस्थायंत्र म्हणून पाहिलं: या स्वरावरून पुढे कुठल्या स्वरावर किती वेळा जातात, हे बंदिशींतून मोजायचं आणि त्या प्रमाणात फासा टाकत पुढे जायचं. निघालेले तुकडे बरेचसे रागात बरोबर असत. पण अशा रीतीला मागचं फार आठवत नाही, एका स्वरावरून पुढच्यावर, एवढंच. बढत म्हणजे काय हे तिला माहीत नाही. पावलं बरोबर, प्रवास नाही.

आता माझ्या टेबलाकडे येते. मी नाटकांना आणि लघुपटांना आवाज करून देते. माझ्याकडे कॉर्गचा छोटा व्होल्का एफएम आहे, तो डीएक्स७चेच आवाज समजतो. मिडीची तार घरापासून जवळच्या एस. पी. रोडवरून आणलेली. सुट्या भागांच्या त्या गल्ल्यांत पाच टोकांची पिन मागितली की दुकानदार विचारतो, जुन्या टेपरेकॉर्डरला का? फासा टाकणारा प्रोग्राम मीच लिहिलाय, फार तर दोनशे ओळींचा. सगळे १४५ आकडे मोकाट सोडले तर काय होतं? बहुतेक वेळा शांतता, कारण कुठल्या तरी कंपनाची पातळी शून्यावर पडते. नाही तर शिट्टी. एकावर दोनशे शून्यं एवढ्या अंगणात ऐकण्याजोगे आवाज म्हणजे वाळवंटातली झुडपं.

म्हणून मी कुंपण घालते. कंपनांची आपसातली प्रमाणं पूर्ण अंकांत ठेवते, एकास दोन, एकास तीन, म्हणजे सूर सुराला धरून राहतो. ३२ पैकी मला वळलेले सहा-सात आराखडेच. आवाज किती वेळात उठतो आणि किती वेळात विझतो हे आकडे मोकळे. आणि कोऱ्या यादीऐवजी एका आवडत्या आवाजापासून सुरुवात: त्याच्या प्रत्येक आकड्याला थोडासा धक्का, दहाच्या आत. ड्रम मशीनवर तर मी सम सोडतच नाही. खर्जाचा ठोका जिथला तिथे आणि जसाच्या तसा. झांजेची लांबी, टाळीचा सूर, मधल्या हलक्या बोलांचा जोर यांवर फासा. मिडीत हे आकडे ० ते १२७. त्यातला वीस-तीसचा पट्टा खुला ठेवला तरी यंत्र श्वास घेतंय असं वाटतं. पूर्ण पट्टा उघडला की भांडी पडतात.

मग ऐकायचं, आणि बहुतेक टाकून द्यायचं. हे टाकून देणं कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे. हल्ली हेही यंत्राकडून करून घ्यायची टूम निघाली आहे, फासाही त्याचा आणि पसंतीही त्याचीच. माझा त्याला विरोध तत्त्वाचा नाही, अनुभवाचा आहे. शंभर आवाज नाकारताना मला काय नको आहे हे कळत जातं, आणि पुढचं कुंपण त्यावरून ठरतं.

रामनवमीच्या मांडवातल्या पेटीलाही हेच लागू करून बघा. आवर्तनाच्या वेळेत आणि तारेच्या जोरात जरासा फासा टाकायला आता कुठलीही अडचण नाही. तशी पेटी गोड लागते, ऐकलीय. पण एक गोष्ट फाशानं परत येत नाही. पूर्वी त्या जागी शिष्य बसायचा. तीन तास गुरूच्या पाठीशी तंबोरा धरून. तो वाजवायचा चार तारा, शिकायचा सगळी मैफल. गायकानं कुठली जागा घेतली, कुठली घेता घेता सोडली, हे त्याला मांडवातल्या पहिल्या रांगेपेक्षा जवळून दिसायचं. पेटीनं ती सतरंजीवरची जागा घेतली. आजही काही गायक पेटी चालू ठेवूनही मागे दोन विद्यार्थी तंबोरे घेऊन बसवतात. त्यांना मी मनातून नमस्कार करते.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट, करून बघणाऱ्यांसाठी. संगणकाचं रँडम खरं रँडम नसतं. एक बीज-आकडा दिला की त्यापुढचे सगळे फासे ठरलेले असतात. तोच आकडा पुन्हा दिला तर तीच दानं त्याच क्रमानं. म्हणून मी टिकवलेल्या आवाजाला घंटा, पाऊस अशी नावं देत नाही. डीएक्स७च्या नावात दहा अक्षरं मावतात. पहिली दोन माझ्या कुंपणाची खूण, पुढची आठ बीज-आकडा. उद्या फाइल हरवली, तर नुसत्या नावावरून प्रोग्राम तोच आवाज परत काढून देतो. देवगिरीत याला नष्ट म्हणायचे. उलट मात्र करता येत नाही: कोणी आवाज ऐकवला, तर तो कुठल्या आकड्याचा हे मला सांगता यायचं नाही. उद्दिष्टासाठी खंडमेरू लागतो, आणि दोनशे शून्यांचा खंडमेरू माझ्याकडे नाही. त्यामुळे ज्यांना हे आवाज हवे आहेत, त्यांनी नाव जपून लिहून घ्यावं.